हसण्यावारी नेऊ नका

भगिनींनो, गोष्ट जुनी आहे, १९८३ सालची. मी तेव्हा मिरजेतल्या एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात नोकरीला होते. मिरज म्हणजे सीमेवरचे जंक्शन. वॉर्डातल्या निम्म्या बायका मराठी, तर निम्म्या अथणी, कागवाड, विजापूरकडच्या, कानडी बोलणाऱ्या. त्या आठवड्यात साताऱ्याकडची एक नवी सिस्टर आमच्याकडे आली होती. तिला कानडीचा गंधही नव्हता. अथणीकडची एक बाई ऑपरेशनसाठी दाखल झाली आणि हातात गाठोडे घेऊन दारातच उभी राहिली. सिस्टरने खिडकीजवळच्या खाटेकडे बोट दाखवून सांगितले, "बाई, बेड!"

बाई जागच्या जागी थबकली. कानडीत 'बेड' म्हणजे 'नको'.

सिस्टरला वाटले, हिला ऐकू कमी येत असावे. तिने आवाज चढवला, "अहो, बेड! बेड!" बाई दोन पावले मागे सरली. तिसऱ्या 'बेड'ला मात्र बिचारीने गाठोडे काखोटीला मारले आणि व्हरांड्यात जाऊन मुलाला सांगू लागली, की हे लोक आपल्याला नको म्हणताहेत, चल आपल्या गावाला. चिकोडीच्या एका आजीबाईंनी हा घोटाळा दोन्ही भाषांतून फोडून सांगितला मात्र, सगळा वॉर्ड हसायला लागला. आणि हसता हसता ओरडायलाही लागला. "अगं आई गं, टाके! टाके!" सिझेरियनच्या चौघी, पिशवी काढलेल्या दोघी, अपेंडिक्सची एक कॉलेजातली मुलगी, सगळ्या पोटावर उशा दाबून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गाळत होत्या. त्या रात्री दुखण्याच्या गोळीसाठी नेहमीपेक्षा कमी हाका आल्या असे मला वाटले. अर्थात कोणी मोजून ठेवले नव्हते.

त्या उशा आधी लक्षात ठेवा. घरात कोणाचे पोटाचे ऑपरेशन झाले असेल तर हसताना, खोकताना, शिंकताना टाक्यांवर उशी घट्ट धरायला सांगा. टाके 'तुटतील' म्हणून हसूच नको, असे जे घरची मोठी माणसे दटावतात, त्याची गरज नसते. आधार दिला की झाले.

आता हसताना शरीरात काय होते ते पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. आपण मनापासून हसतो तेव्हा बरगड्यांमधले स्नायू, पोटाचे स्नायू आणि हा पडदा असे मिळून हवा धक्क्याधक्क्याने बाहेर टाकतात. म्हणून तर 'हाऽ हाऽ हाऽ' असा तुटक आवाज येतो आणि शेवटी हवा संपून आपण खोल श्वास घेतो. मिरजेच्या बायकांना मी हे तंबोऱ्यावरून सांगते. आमच्या गावच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या कितीतरी आधीपासून सतारमेकर गल्लीतले भोपळे आम्ही पाहत आलो आहोत. तार वर छेडली जाते, पण नाद भरतो तो खालच्या भोपळ्यात. तसे खरे हसू गालात नसते, पोटात असते. हसताना नाडी थोडी जलद होते, आणि हसू ओसरले की ती खाली येते, खांदे-मान सैल पडतात. दिवसभर ओट्यापाशी उभे राहून आवळलेली मान सैल पडणे हेही काही थोडके नाही.

अमेरिकेतले नॉर्मन कझिन्स नावाचे एक संपादक १९६४ मध्ये सांध्यांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. दवाखाना सोडून ते हॉटेलात राहायला गेले आणि तिथे विनोदी चित्रपट लावून बसले. दहा मिनिटे पोट धरून हसले की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा त्यांनी अनुभव लिहिला. आधी १९७६ साली डॉक्टरांच्या नियतकालिकात लेख आला, मग १९७९ साली पुस्तक. ते जगभर गाजले. पण ते गृहस्थ त्याच वेळी 'क' जीवनसत्त्वही भरपूर घेत होते, आणि त्यांचे नेमके दुखणे कोणते यावरही पुढे डॉक्टरांत वाद झाले. म्हणून 'हसून सांधे बरे होतात' असे मी म्हणणार नाही. वेदना काही काळ बोथट होते, एवढे मात्र पुढच्या संशोधनातही दिसले आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी २०११ साली प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांना विनोदी कार्यक्रम दाखवून हसवले आणि हसण्याआधी व नंतर ती किती दुखणे सोसतात ते पाहिले. हसल्यानंतर ती जास्त सोसू शकत होती. खळखळून हसण्याने मेंदूत वेदना कमी करणारी द्रव्ये पाझरतात, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात २००५ साली २० निरोगी माणसांना एकदा विनोदी आणि एकदा युद्धाचा भीषण चित्रपट दाखवला. हसवणाऱ्या चित्रपटानंतर दंडाच्या रक्तवाहिनीतला प्रवाह सरासरी २२ टक्के वाढला, भीषण चित्रपटाने ३५ टक्के घटला. २० माणसे म्हणजे काही फार नव्हेत, पण दिशा कळते.

वजनाच्या बाबतीत मात्र निराशाच करावी लागते. दहा-पंधरा मिनिटे हसले तर १० ते ४० कॅलरी खर्च होतात. म्हणजे फार तर अर्धी पोळी, तीही बिनतुपाची. आणि ब्लडप्रेशरची किंवा साखरेची गोळी 'आता मी हसते ना' म्हणून बंद करणाऱ्या बाईला माझ्यापाशी पाठवा, मी तिला रडवीन!

आता मला खरे सांगायचे आहे ते पुढेच आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाने लोक कधी हसतात याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. त्याला आढळले की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. आणि बहुतेक वेळा हसण्याआधी कोणी विनोद सांगितलेलाच नसतो! "अगं, आलीस का?" एवढ्यावरसुद्धा माणसे हसतात. हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमची गच्ची आली. चैत्र-वैशाखात सात-आठ घरच्या बायका पापड लाटायला बसायच्या. उडदाची लाटी तेलात घोळवत, कोणाचा पापड कोणत्या देशाच्या नकाशासारखा झाला यावर हसून हसून मुरकुंडी वळायची. सांगायला गेले तर त्यात विनोद काहीच नसे. आता पापड दुकानातून येतात, ते छान गोल असतात, आणि आपण एकेकटीने ते तळतो.

त्यातून बाईच्या हसण्यावर घराचा पहारा. आपल्या भाषेचेच बघा. पुरुष हसला तर ते 'गडगडाटी हास्य', 'सातमजली हास्य'. मुलगी हसली की ती 'खिदळते', 'फिदीफिदी' करते, 'दात काढते'. माझी आई घरात कधी मोठ्याने हसली नाही. तोंडावर पदर, आणि पदराआड फक्त खांदे हलायचे. एकदाच, मी शाळेत होते तेव्हा, आम्ही सगळे सांगलीला 'संशयकल्लोळ' पाहायला गेलो. हरिपूरच्या देवलांचे नाटक, १९१६ सालचे, म्हणजे आमच्या पंचक्रोशीतलेच. फाल्गुनराव आणि त्याची बायको एकमेकांवर संशय घेत थयथयाट करू लागले आणि काळोखात माझ्या शेजारून असा काही खणखणीत आवाज आला की मी दचकून पाहिले. आई हसत होती. पदर मांडीवर पडला होता. परत येताना बसमध्ये ती पुन्हा गप्प बसली. मंगळागौरीला मात्र बायकांना रात्रभर मोकळीक असायची. फुगड्या, झिम्मा, सासूची नक्कल, व्याह्यांची नक्कल. वर्षातून एकदा का होईना, आपल्या आज्यांनी एवढी सोय करून ठेवली होती.

आताच्या काळात त्या सोयीची जागा हास्यक्लबांनी घेतली आहे म्हणायचे. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागात डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना घेऊन पहिला क्लब काढला. आधी रोज विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि पांचट सुरू झाले, तेव्हा त्यांनी विनोदाशिवायच हसायची रीत काढली. टाळ्या, 'हो हो, हा हा हा', हात वर. आता ही रीत देशोदेशी पोचली आहे आणि मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्यदिन म्हणून साजरा होतो. आमच्याकडेही सकाळी फिरायला जाणारी मंडळी घोळका करून हसतात. सुरुवातीला मला ते नाटकी वाटले, अजूनही थोडे वाटते. पण समोरच्या आजोबांची कवळी सावरण्याची धांदल पाहून तिसऱ्या मिनिटाला खरे हसू येते, हेही कबूल केले पाहिजे. ज्यांना हर्निया आहे, रक्ती मूळव्याध आहे, डोळ्यांचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे किंवा हृदयाचे दुखणे आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच असल्या घोळक्यात जावे. दमेकऱ्यांना जोराच्या हसण्याने खोकल्याची उबळ येऊ शकते, त्यांनी बेताने घ्यावे.

याच घोळक्यात मी आमच्या बोळातल्या एका वहिनींना ओढून नेले. वय चौपन्न. पापडाच्या गच्चीवरचे सगळ्यांत मोठे हसणे यांचे. चार घरे पलीकडे ऐकू जायचे. पण गेली दोन-तीन वर्षे त्या हळदीकुंकवाला येऊन तबक घेऊन लगेच जायच्या. भजनी मंडळ सोडले. कोणी काही गंमत सांगितली की ओठ घट्ट आवळून दुसरीकडे बघायच्या. बायका म्हणायला लागल्या, मुलगा इंजिनियर झाला ना, आता शिष्टपणा आला. हास्यक्लबात त्या एक दिवस आल्या, दुसऱ्या दिवशी 'हो हो'च्या मध्येच घरी निघून गेल्या आणि पुन्हा आल्याच नाहीत.

मग एके दिवशी त्यांची सून माझ्याकडे आली. लग्नाला दोन वर्षे, सहा महिन्यांचे बाळ. डोळे भरून म्हणाली, "आक्का, माझं काही चुकलं का हो? सासूबाई माझ्याशी हसून बोलतच नाहीत. मी काही गंमत केली की उठून आत जातात. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ."

मी दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी घेऊन वहिनींच्या पडवीत जाऊन बसले. निवडता निवडता सरळ विचारले, "वहिनी, लघवीचा काही त्रास आहे का?" विचारायला कारण होते. त्या हल्ली कुठेही चहा घेत नव्हत्या, पाणीसुद्धा नाही. गडद रंगाखेरीज लुगडे नेसत नव्हत्या. चाळीस वर्षे वॉर्डात काढल्यावर एवढे दिसते. वहिनींच्या हातातली काडी तशीच राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आक्का, हसले की भिजतं. शिंकले तरी. आता ह्या वयात कुणाला सांगू? सुनेला सांगू?"

भगिनींनो, हे वाचताना तुमच्यापैकी कितीजणी मान खाली घालतील याचा मला अंदाज आहे. हा त्रास फार सर्रास आहे आणि फार लपवला जातो. 'बाळंतपणानंतर व्हायचंच', 'वय झालं' असे म्हणून बायका तो हसण्यावारी नेतात, आणि त्यापायी हसणेच सोडून देतात.

होते ते असे. कमरेच्या हाडांच्या कड्यात पुढून मागे स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय या झोळीवर पेललेले असतात. तंबोऱ्याच्या भोपळ्याला खाली कठीण तळ असतो, आपल्या पोटाला ही झोळी. बाळंतपणात ती ताणली जाते. पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. वाढलेले वजन, जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता, पाण्याने भरलेल्या कळशा उचलणे यांनी भर पडते. मग हसताना पोटात दाब वाढला की मूत्राशयाचे तोंड आवळून धरायला झोळी अपुरी पडते आणि थोडी लघवी सुटते. यात लाज कसली? गुडघा दुखला तर आपण बोलतो ना? हाही एक स्नायूच.

आणि स्नायू आहे म्हणूनच व्यायामाने सुधारतो. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला. आपल्याकडच्या योगातल्या मूलबंधाशी त्याचे जवळचे नाते आहे. आधी लघवीला जाऊन या. सुरुवातीला उताणे निजून, गुडघे दुमडून करा. वायू आणि लघवी दोन्ही एकदम रोखून धरायचे आहेत असे समजून आतले स्नायू आत आणि वर ओढा. पाच अंक मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सैल सोडा. सोडणेही पुरते हवे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाच अंक जमत नसतील तर दोन धरा, हळूहळू वाढवा. पोट, मांड्या किंवा ढुंगण आवळू नका, श्वास कोंडू नका. चुकते ते बहुतेक इथेच. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करायची सवय लावू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. निजून जमले की बसून, मग उभ्याने करा. कोणाला कळतही नाही. आणि शिंक, खोकला, हसू येतेय असे वाटले किंवा कळशी उचलायची वेळ आली की आधी क्षणभर आवळून घ्या. फरक पडायला तीन महिने लागतात, आठ दिवसांत सोडून देऊ नका.

पाणी कमी पिऊ नका. वहिनी तेच करत होत्या. त्याने लघवी कडक होते, मूत्राशय चिडते, आणि बद्धकोष्ठता वाढते ती वेगळीच. जळजळ, रक्त, 'अंग बाहेर येते' असे वाटणे, किंवा लघवी आवरतच नाही अशी घाई, यांपैकी काही असेल तर व्यायामावर न थांबता डॉक्टरीणबाईंना दाखवा. पाय एकाएकी बधिर होऊन लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, थांबू नका. मिरजेत तर डॉक्टर नाही असे म्हणायची सोयच नाही. १८९४ साली वानलेससाहेबांनी इथे मिशन हॉस्पिटल काढले तेव्हापासून परगावची माणसे रेल्वेने येऊन इथे दाखवून जातात, आणि इथल्या बायका मात्र घरातच सोसत बसतात.

वहिनींना मी डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी तपासले, लघवी आणि साखर पाहिली आणि व्यायाम बरोबर होतो की नाही याची खात्री करून दिली. परत येताना रिक्षात मी म्हटले, "आता सुनेला तुम्हीच सांगा. ती पोर समजते तुम्ही तिच्यावर रागावलात." वहिनी दोन दिवस टाळत राहिल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कणीक मळताना त्यांनी सांगून टाकले. सून गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "आई, मलाही होतं. बाळंतपणापासून. मला वाटलं मलाच होतं."

तेव्हापासून त्या घरात कुकर लावला की पहिली शिट्टी होईपर्यंत दोघी ओट्यापाशी शेजारीशेजारी उभ्या राहून मुकाट्याने मोजत असतात. मुलगा एकदा विचारून गेला म्हणे, तुम्ही दोघी इतक्या गंभीर का? त्यावर दोघींना जे हसू आले ते आवरण्यातच त्या दिवसाचा व्यायाम झाला. सूनबाईंचा त्रास तीन महिन्यांत थांबला. वहिनींचा पुष्कळ कमी झाला आहे. मोठी शिंक आली तर अजून गडबड होते, पण त्या पुन्हा भजनाला जातात आणि घडीचा कपडा वापरतात. परवा श्रावणातल्या मंगळागौरीला विहिणीची नक्कल त्यांनीच केली. आवाज चार घरे पलीकडे गेला की नाही ते ठाऊक नाही, माझ्या घरी मात्र आला.

याविषयी कोणाला काही विचारायचे असल्यास पत्र जरूर लिहा. नाव-गाव घातले नाही तरी चालेल, वय आणि बाळंतपणे किती तेवढे कळवा. आणि पाकिटावर 'खासगी' असे ठळक लिहा, म्हणजे कचेरीतली पुरुषमंडळी ते फोडणार नाहीत.